व्हीलचेअरचं बिल भरणारा आणि तिच्यात बसणारा

१ ऑगस्ट २०२५ रोजी ब्रिटनमधली एनआरएस हेल्थकेअर ही कंपनी अवसायनात निघाली. तिथल्या सामान्य माणसानेही हे नाव क्वचितच ऐकलं असेल. इंग्लंडमधल्या अनेक नगरपरिषदांच्या आणि सरकारी आरोग्यसेवेच्या वतीने ही कंपनी आजारी, वृद्ध आणि अपंग माणसांच्या घरी सामान पोचवत होती: हॉस्पिटल बेड, कमोडची खुर्ची, एअर मॅट्रेस, रुग्णाला उचलून ठेवणारे हॉइस्ट. बिघडलं तर दुरुस्त करणं, गरज संपली की परत आणणं, निर्जंतुक करून दुसऱ्या घरी देणं, हे सगळं तिच्याकडेच होतं. आदल्या वर्षी तिच्या संगणकांवर सायबर हल्ला झाला आणि आधीच ओढाताणीत असलेला व्यवहार त्यानंतर सावरला नाही. सरकारी अवसायकाने काम कसंबसं चालू ठेवलं, आणि तेवढ्या अवधीत नगरपरिषदांना दुसरे कंत्राटदार शोधावे लागले.

वृत्तपत्रांच्या अर्थविषयक पानावर ही एका कंपनीच्या बुडण्याची बातमी होती. मला मात्र तिच्यात युरोपातल्या या अख्ख्या उद्योगाचं दुखणं दिसतं. पक्षाघात झालेल्या बाईंना डॉक्टरांनी घरी जायला परवानगी दिली, पण घरी बेड आणि हॉइस्ट पोचला नाही, तर त्या घरी जाऊच शकत नाहीत. त्यांची रुग्णालयातली खाट अडून राहते आणि बाहेर स्ट्रेचरवर दुसरा कुणीतरी ताटकळतो. घरातली एक लोखंडी खाट वेळेवर येणं किंवा न येणं यावर रुग्णालयाचा कारभार अवलंबून असतो. इतकं महत्त्वाचं काम इतक्या कमी नफ्यावर, इतक्या कमी भांडवलावर आणि इतक्या कमी देखरेखीखाली चालू होतं, हे ती कंपनी बुडेपर्यंत बहुतेकांना कळलंही नव्हतं.

या धंद्याला मागणीची चिंता नाही. युरोपीय संघात २०२४च्या सुरुवातीला पासष्ट आणि त्यापुढच्या वयाची माणसं २१.६ टक्के होती, म्हणजे दर पाचांमागे एकाहून थोडी जास्त. जर्मनीत २०२३च्या अखेरीस सुमारे ५७ लाख लोक शुश्रूषाविम्याच्या व्याख्येनुसार इतरांवर अवलंबून होते आणि त्यांतल्या ८६ टक्क्यांची काळजी घरीच घेतली जात होती. वृद्धाश्रमापेक्षा घर बरं, असं माणसांनाही वाटतं आणि सरकारी तिजोरीलाही. गुंतवणूकदारांना हा उद्योग दाखवताना याच लोकसंख्येचे आलेख पुढे केले जातात. ते आलेख खोटे नाहीत.

तरीही या क्षेत्रात मोठमोठी नावं अडखळली आहेत. व्हीलचेअर आणि घरगुती बेड बनवणाऱ्या इनव्हाकेअर या अमेरिकी कंपनीची निम्म्याहून अधिक विक्री युरोपात होती, आणि जानेवारी २०२३च्या शेवटच्या दिवशी तिने अमेरिकेत दिवाळखोरीपासून संरक्षण मागितलं. तिच्या युरोपीय उपकंपन्या त्या अर्जाबाहेर होत्या आणि काही महिन्यांत कंपनी पुनर्रचना करून बाहेर आली. पण प्रश्न उरतोच. ग्राहक वाढत असताना पुरवठादार का मोडतात?

माझं उत्तर असं आहे. या बाजारात बिल भरणारा एक आणि वस्तू वापरणारा दुसरा. भरणाऱ्याला फक्त वस्तू दिसते, कारण वस्तूची किंमत कागदावर लिहिता येते. वापरणाऱ्याला वस्तूपेक्षा सेवा जास्त लागते: मोजमाप, जुळवणी, शिकवणं, दुरुस्ती, सुटे भाग, रात्री-बेरात्री उचलला जाणारा फोन. या सेवेला जवळजवळ कुठेच वेगळी किंमत लावलेली नाही. ती वस्तूच्या भावात मुरवलेली असते आणि भाव पाडायची वेळ आली की पहिल्यांदा तिच्यावरच कात्री चालते. घरच्या शुश्रूषेचा उद्योग म्हणजे मुळात दुरुस्ती आणि देखभालीचा उद्योग आहे, उत्पादन हा त्याचा छोटा हिस्सा. युरोपीय सरकारं आणि विमासंस्था हे मान्य करून त्यासाठी उघडपणे पैसे मोजत नाहीत, तोवर या क्षेत्रात कितीही भांडवल ओतलं तरी खुर्चीत बसलेल्या माणसाच्या पदरात फार काही पडणार नाही.

जर्मनीचं उदाहरण या बाबतीत सगळ्यात बोलकं आहे. तिथे डॉक्टरांनी चिठ्ठी दिली की व्हीलचेअर, वॉकर, प्रौढांचे डायपर हे सार्वजनिक आरोग्यविमा निधींतून मिळतं. व्हीलचेअर, वॉकरसारख्या वस्तूंसाठी रुग्णाने दहा टक्के भरायचे, पण कमीत कमी ५ आणि जास्तीत जास्त १० युरो. हा हक्क कायद्याने दिलेला आहे आणि तो मोठाच आहे. २००७च्या सुधारणेने विमा निधींना निविदा काढायला प्रोत्साहन दिलं. ज्याचा भाव सर्वात कमी, त्याला त्या भागातल्या त्या निधीच्या सगळ्या विमाधारकांचं काम मिळायचं. गल्लीतल्या ओळखीच्या झानिटेट्सहाउसमधून, म्हणजे रुग्णसाहित्याच्या दुकानातून, वर्षानुवर्षं सामान नेणाऱ्या आजीबाईंना एके दिवशी पत्र यायचं की आता तुमचा पुरवठादार शेकडो किलोमीटर दूरचा आहे आणि माल कुरियरने येईल.

सर्वाधिक बोभाटा झाला डायपरवरून. निविदेत दर इतके उतरले की पातळ, गळणारे डायपर लोकांच्या घरी पोचू लागले. ज्यांना रात्रीतून दोनदा चादर बदलायला लागत होती, त्यांनी बरा माल मागितला की पुरवठादार वरचे पैसे मागायचा. ज्याच्याकडे वरचे पैसे नाहीत त्याने काय करायचं? लाजेपोटी गप्प राहायचं. वृद्ध माणूस या गोष्टीची तक्रार करायला सहसा जात नाही, आणि भाव पाडणाऱ्यांनी हीच लाज आपल्या हिशेबात धरली होती असं मी म्हणेन. २०१७च्या कायद्याने निविदेत गुणवत्तेला निम्मं वजन देण्याची अट घातली. तीही पुरेना, तेव्हा मे २०१९मध्ये या वस्तूंसाठी निविदा काढण्यालाच कायद्याने बंदी घातली. बाजारावर विश्वास असलेल्या, पै-पैचा हिशेब ठेवणाऱ्या देशाने बारा वर्षांच्या अनुभवानंतर हा निर्णय घेतला. युरोपातल्या बाकीच्यांनी त्याची पुरेशी दखल घेतलेली नाही.

निविदा गेल्या म्हणून सगळं सुरळीत झालं असंही नाही. व्हीलचेअरसारख्या वस्तूंसाठी आजही अनेक करार ठोक रकमेचे असतात. पुरवठादाराला ठराविक वर्षांसाठी एकदाच रक्कम मिळते, खुर्ची त्याच्याच मालकीची राहते आणि त्या काळातली दुरुस्ती त्याच्या गळ्यात. कागदावर ही रचना चांगली वाटते, कारण टिकाऊ खुर्ची देणं त्याच्याच फायद्याचं ठरावं. पण रक्कम जेमतेम असेल तर प्रत्येक दुरुस्ती हा निव्वळ तोटा होतो, आणि तोटा टाळायचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे उशीर. मोटर बिघडलेल्या खुर्चीतल्या माणसासाठी तीन आठवड्यांचा उशीर म्हणजे तीन आठवडे घरात कोंडून राहणं. नव्वदहून अधिक विमा निधी आणि प्रत्येकाचे वेगळे करार, वेगळे फॉर्म, वेगळ्या मंजुऱ्या, या गुंत्यात छोट्या दुकानदाराचा कारकुनीवरचा खर्च कारागिरीपेक्षा जास्त होतो. मग तो दुकान मोठ्या साखळीला विकतो.

आता एक रास्त आक्षेप. स्पर्धा काढून टाकली तर दुकानदार आणि उत्पादक ग्राहकाला लुबाडतील, त्याचं काय? हा धोका खरा आहे आणि त्याचा पुरावा ब्रिटनमध्येच आहे. तिथे अनेक जण मोबिलिटी स्कूटर, जिन्यावरची लिफ्ट स्वतःच्या खिशातून घेतात. २०११मध्ये तिथल्या ऑफिस ऑफ फेअर ट्रेडिंग या तेव्हाच्या स्पर्धा-नियामक संस्थेने या बाजाराचा अभ्यास केला, तेव्हा एकाच वस्तूच्या किमतींत मोठी तफावत आणि दारोदार जाऊन वृद्धांना दडपणाखाली माल गळ्यात मारण्याचे प्रकार समोर आले. पुढे २०१४मध्ये त्याच संस्थेने निर्णय दिला की स्कूटर बनवणाऱ्या प्राइड मोबिलिटीने आठ किरकोळ विक्रेत्यांशी केलेल्या व्यवस्थेत काही स्कूटरच्या सवलतीच्या किमती इंटरनेटवर जाहीर करायला बंदी होती आणि ती स्पर्धा कायद्याचा भंग करते. घरातून बाहेर पडणं ज्याला अवघड, त्याला इंटरनेटवर भाव ताडून पाहता येऊ नयेत, अशी ही बंदी होती. तिच्यामुळे ज्यांना जास्त पैसे मोजावे लागले त्यांच्यासाठी निवृत्तांच्या संघटनेच्या डोरोथी गिब्सन यांनी सामूहिक नुकसानभरपाईचा अर्ज केला. नव्या ग्राहककायद्याखालचा त्या प्रकारचा तो पहिलाच. पण निर्णयाची व्याप्ती अरुंद असल्याने वसूल होणारी रक्कम खर्चाच्या तुलनेत किरकोळ ठरली आणि २०१७मध्ये अर्ज मागे घ्यावा लागला.

म्हणून मी स्पर्धेच्या विरोधात नाही. भाव उघडे असले पाहिजेत, तुलना करता आली पाहिजे. माझा आग्रह एवढाच की वस्तूची स्पर्धा आणि सेवेची स्पर्धा एकाच पिशवीत कोंबू नये. बेडची किंमत निविदेतून ठरू द्या. तो बेड मध्यरात्री अडकला तर किती तासांत माणूस येणार, हे सर्वांत कमी बोलीवर सोडू नका.

मालकीचा मुद्दाही यातच येतो. गेल्या दोन दशकांत या क्षेत्रातल्या युरोपीय कंपन्या एका गुंतवणूक फंडाकडून दुसऱ्याकडे फिरत राहिल्या. जर्मनीतल्या माल्श इथून चालणारी, व्हीलचेअर बनवणारी सनराइज मेडिकल आधी इक्विस्टोनकडे, मग २०१५पासून नॉर्डिक कॅपिटलकडे आणि तिथून प्लॅटिनम इक्विटीकडे गेली. जिन्यावरच्या लिफ्ट बनवणारी हँडिकेअर २०२१मध्ये कॅनडाच्या साव्हारियाने घेतली. १९१९मध्ये बर्लिनमध्ये सुरू झालेली, कृत्रिम पायांसाठी जगभर नावाजलेली ओटोबॉक ही कौटुंबिक कंपनी २०२५च्या ऑक्टोबरमध्ये फ्रँकफर्टच्या शेअर बाजारात आली. भांडवल आलं म्हणून आपोआप वाईट झालं असं मी म्हणत नाही. स्वीडनच्या टिमरो गावात डॉ. पेर उडेन यांनी १९६७मध्ये सुरू केलेली पर्मोबिल २०१३पासून वालेनबर्ग घराण्याच्या इन्व्हेस्टर या कंपनीकडे आहे, आणि विद्युत व्हीलचेअरमध्ये तिचा दबदबा टिकून आहे. फरक मुदतीचा आहे. पाच-सात वर्षांत विकून बाहेर पडायचं ज्याने ठरवलं आहे, त्याला सुट्या भागांचं गोदाम हा अडकलेला पैसा वाटतो. ज्याला पंचवीस वर्षं राहायचं आहे त्याला तेच गोदाम ग्राहकाचा विश्वास वाटतो. सार्वजनिक पैशाने चालणाऱ्या धंद्यात मालकाची मुदत काय, हे विचारायचा अधिकार सरकारांना आहे. तो त्यांनी वापरावा.

घरात गेलेलं उपकरण बिघडलं की काय होतं, याचा मोठा धडा फिलिप्सने दिला. झोपेत श्वास अडकणाऱ्या रुग्णांसाठीची तिची यंत्रं जून २०२१मध्ये परत मागवावी लागली, कारण आवाज कमी करण्यासाठी बसवलेल्या फोमचा भुगा होऊन तो श्वासात जाण्याची शक्यता होती. जगभरात लाखो यंत्रं. नवीन यंत्र येईपर्यंत जुनं वापरायचं की बंद करायचं, हा निर्णय कित्येक रुग्णांना आपापल्या पलंगावर बसून घ्यावा लागला. बदली यंत्रासाठी महिनोन्महिने थांबावं लागलेलेही पुष्कळ होते. ब्रिटनमध्ये तांब्याच्या तारांवरची जुनी टेलिफोन व्यवस्था बंद होत असताना गळ्यातलं बटण दाबून मदत मागणाऱ्या लाखो वृद्धांचा प्रश्नही याच जातीचा. काही गंभीर प्रसंगांनंतर तिथे सक्तीचं स्थलांतर थांबवावं लागलं आणि अंतिम मुदत जानेवारी २०२७पर्यंत ढकलली. बटण विकणारा, फोनची लाइन देणारा आणि नियंत्रणकक्ष चालवणारा हे तिघं वेगळे; बटण चालतं की नाही हे घरी जाऊन बघणारा यांतला कोण, हे आधी कुणी ठरवलंच नव्हतं.

आणि आता मला सर्वांत खटकणारी गोष्ट. युरोपीय संघाच्या नियमांनुसार मार्च २०२१पासून वॉशिंग मशीन बनवणाऱ्याने ते मॉडेल बाजारातून गेल्यावरही किमान दहा वर्षं सुटे भाग उपलब्ध ठेवले पाहिजेत. २०२४मध्ये संघाने दुरुस्तीच्या हक्काचा स्वतंत्र कायदा केला आणि तो जुलै २०२६अखेरपासून लागू करायचा आहे. त्याच्या यादीत वॉशिंग मशीन आहे, डिशवॉशर आहे, फ्रिज आहे, मोबाईल फोन आहे. व्हीलचेअरला त्या यादीत स्वतःची जागा नाही. वैद्यकीय उपकरणांचे नियम वेगळे आहेत, असं यावर सांगितलं जातं. आहेत खरे. मे २०२१पासून लागू झालेला तो नियम व्हीलचेअर सुरक्षित असावी, तिची कागदपत्रं पूर्ण असावीत, बाजारात आल्यावर तिच्यावर लक्ष ठेवलं जावं असं सांगतो, आणि ते योग्यच आहे. पण बेअरिंग गेलं तर ते कुणी, किती दिवसांत, कितीला द्यायचं, याबद्दल त्यात वॉशिंग मशीनइतकी स्पष्टता नाही. कपडे आठवडाभर हाताने धुता येतात. खुर्चीशिवाय आठवडाभर स्वयंपाकघरात जाता येत नाही.

वेगळं करता येतं, हे नॉर्वेने दाखवलं आहे. तो देश युरोपीय संघात नाही, पण बाजार तोच, कंपन्या त्याच. तिथे एनएव्ही (NAV) ही सरकारी कल्याणसंस्था प्रत्येक जिल्ह्यात साहाय्यक साधनांची केंद्रं चालवते. खुर्ची, बेड, हॉइस्ट हे सगळं गरज असेपर्यंत उसनं मिळतं, मालकी राज्याची. गरज संपली की वस्तू परत येते, साफ होते, तपासली जाते, दुसऱ्याला जाते. साधी दुरुस्ती नगरपालिकेकडून, अवघड दुरुस्ती केंद्राकडून. वस्तू खरेदी करताना मात्र राष्ट्रीय पातळीवर निविदा काढून उत्पादकांशी चौकट करार होतात. म्हणजे स्पर्धा वस्तूच्या भावात आहे, आणि सेवा लोकांच्या स्वतःच्या संस्थेच्या हातात आहे. परत आलेली खुर्ची पुन्हा वापरायची असल्यामुळे ती टिकाऊ असण्यात, तिचे भाग मिळत राहण्यात खरेदीदाराचाच फायदा. उत्पादकालाही कळून चुकतं की स्वस्त पण तीन वर्षांत मोडणारा माल पुढच्या करारात महाग पडेल. नॉर्वे श्रीमंत आहे म्हणून त्याला परवडतं, असं म्हणणाऱ्यांना मी विचारेन की एकच खुर्ची तीन माणसांना वापरायला देणं ही श्रीमंती आहे की काटकसर?

फ्रान्सने १ डिसेंबर २०२५पासून व्हीलचेअरचा पूर्ण खर्च सार्वजनिक विम्यातून देण्याची घोषणा अमलात आणली. २०२३च्या एप्रिलमध्ये अध्यक्ष मॅक्रॉं यांनी दिलेलं हे आश्वासन होतं. त्याआधी चांगल्या विद्युत खुर्चीसाठी विमा, पूरक विमा, अपंगत्व भत्ता आणि शेवटी लोकवर्गणी अशी दारं ठोठावत फिरावं लागायचं. वर्गणी काढून चालण्याचा हक्क मिळवावा लागू नये, यासाठी लढणाऱ्या संघटनांचं हे मोठं यश आहे. पण याच सुधारणेत विक्रीच्या किमतींवर कमाल मर्यादाही आली आहे आणि तिथे मला धोका दिसतो. मर्यादा फक्त खुर्चीवर असेल आणि तिच्या पुढच्या पाच वर्षांच्या देखभालीचा दर नीट नसेल, तर जर्मनीतल्या डायपरची गोष्ट फ्रान्समध्ये खुर्चीच्या रूपात घडेल. अल्पकाळ भाड्याने देण्याची सोय आणि वापरलेली साधनं नीट करून पुन्हा देण्याची चौकट फ्रान्सने आणली आहे. तिला जेवढं बळ मिळेल तेवढी ही सुधारणा टिकेल.

महाराष्ट्राचा या सगळ्याशी एक सरळ धागा आहे. फेब्रुवारी २०२४मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. त्यात परिचारिका आणि शुश्रूषा करणारी माणसंही आहेत. उद्या सातारा किंवा नांदेडची मुलगी जर्मन शिकून श्टुटगार्टच्या आसपास एखाद्या आजोबांच्या घरी जाईल, तेव्हा तिच्या कंबरेचं आयुष्य तिथला हॉइस्ट चालू आहे की बंद यावर ठरेल. नव्वद किलोचा माणूस दिवसातून चारदा हातांनी उचलावा लागला तर तिशीत मणके झिजतात. जर्मनीत माणसं कमी आहेत म्हणूनच आपली मुलं तिकडे चालली आहेत. ज्या यंत्रांनी तिथली माणसांची उणीव भरून काढायची, त्या यंत्रांची देखभालही तिथे कंत्राटाच्या उरलेल्या पैशांत होते. आपल्या सरकारने भाषेच्या आणि पगाराच्या अटींसोबत ही अटही मांडावी: ज्या घरात आमची परिचारिका काम करेल, तिथे उचलण्याचं चालू साधन असलंच पाहिजे. करारात लिहिता येईल इतकी ही साधी मागणी आहे.

एनआरएस बुडाल्यावर इंग्लंडमधल्या नगरपरिषदांनी घाईत दुसऱ्या कंपन्यांशी करार केले. ते कायमचे नाहीत, पुढच्या काही वर्षांत त्यांच्या नव्या निविदा निघतील. तिथे काय लिहायचं हे आत्ता ठरवता येतं. दुरुस्तीचा वेगळा दर, वस्तूच्या दरापासून तोडलेला. जीव अडकेल अशा बिघाडासाठी तासांत मोजलेली मुदत, बाकीसाठी दिवसांत, आणि ती पाळली की नाही याचे आकडे दर तीन महिन्यांनी जाहीर. दहा वर्षं सुटे भाग. कंत्राटदार बुडाला तर गोदाम, गाड्या आणि रुग्णांची यादी दुसऱ्याच दिवशी नगरपरिषदेच्या ताब्यात येईल असं कलम. आणि बोली तपासणाऱ्या समितीवर हॉइस्ट, खुर्ची, बेड रोज वापरणाऱ्या दोन-तीन माणसांना बसवा, मताच्या अधिकारासह. यातला प्रत्येक मुद्दा खर्च वाढवेल असं कोषाध्यक्ष म्हणतील. त्यांनी शेजारच्या रुग्णालयात जाऊन विचारावं की घरी बेड नाही म्हणून वॉर्डात अडकलेल्या एका रुग्णाचा एका रात्रीचा खर्च किती, आणि मग दोन्ही आकडे एकाच कागदावर मांडून निविदेचा मसुदा लिहायला बसावं.